चार वाजून दहा मिनिटांचा खळगा

४ एप्रिल

ती. काकास,

साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे आज फक्त डोकं आणि एक हात, कारण दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर आहे. फोन केला असता, पण तुझ्या कानातल्या यंत्रात तो नुसता किरकिरतो आणि तू प्रत्येक वाक्याला "हो हो, तब्येत बरी आहे" म्हणतोस. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी की बाबांची गिरणी मी परत लावली. बावीस वर्षं ती आपल्या कचेरीच्या भांडारघरात मोडक्या खुर्च्यांखाली पडून होती. नवे साहेब म्हणाले, "हा काय पंखा आहे?" मी त्यांना शांतपणे सांगितलं, की हवेत विजेचा ताण असतो, निरभ्र दिवशीसुद्धा. तो माणसाला जाणवत नाही, हिला जाणवतो. वरचं पात्यांचं चाक फिरतं, खालच्या तबकड्या झाकतं आणि उघडतं, आणि त्यावरून ताणाचा आकडा मिळतो. विजेचा ढग डोंगरापलीकडे असला तरी ही आधी सांगते. मग आपण भोंगा वाजवायचा आणि खाणीतल्या माणसांनी सुरुंगाच्या तारा सोडून पक्क्या खोलीत जायचं. साहेब म्हणाले, "एवढी गुणाची आहे तर काढली का?" मी म्हटलं, "तिनं एकदा दगा दिला. जाळं धरलं होतं कोळ्यानं. माझे वडील त्यात गेले."

काका, हे तुझ्याच अहवालातलं वाक्य आहे, "कोळ्याच्या जाळ्यामुळे नोंद अविश्वसनीय". मी शाळेत असताना ते वाचलं होतं. म्हणून रोज सकाळी पहिलं काम मी काय करते, तर मऊ ब्रश घेऊन एकेक फट झाडते. आई हसते. म्हणते, घरातली जळमटं काढायला कधी एवढा उत्साह दिसत नाही.

बाबांनी बांधलेल्या डोंगरावरच्या कट्ट्यावरच लावली आहे. आता खरं काम. रोज दुपारी आकडा मध्येच खाली जातो आणि परत येतो. निरभ्र दिवशी एकशेवीसच्या आसपास असतो तो साठ-सत्तरवर. दहा-अकरा मिनिटांचा खळगा. तुला ही गिरणी पाठ आहे. कुठून सुरुवात करू?

तुझी,
ठकू

---

११ एप्रिल

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. तू ती गिरणी बाहेर काढशील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं भंगारात गेली असेल.

असो. विचारलं आहेस तर सांगतो. पहिली गोष्ट, वरच्या चाकाची जमिनीशी जोडणी. दांड्याला एक कार्बनची काडी घासत असते, ती झिजली की चाक स्वतःच वीज धरून बसतं आणि आकडा भलतीकडे जातो. दुसरी, तबकड्यांखालचे पांढरे टेकू. त्यांच्यावर धूळ आणि ओल बसली की वीज गळते. स्पिरिटनं पूस, बोटानं नको, तुझ्या बोटाला तेल असतं. तिसरी, झाकण. गिरणीवर डब्याचं झाकण ठेव, आकडा शून्य यायला हवा. नाही आला तर दोष पोटात आहे. आला, तर दोष गिरणीत नाही, बाहेर आहे.

आणि दुपारीच होतं म्हणतेस तर खाणीचं वेळापत्रक बघ. दगडाची भुकटी उडाली की तीही वीज घेऊन उडते. ट्रक सुटायची वेळ असेल.

मी बरा आहे. आज एका दवाखान्याचे रक्तदाबाचे तीन पंप दुरुस्त केले. डॉक्टर म्हणाला, तुमचा स्वतःचा दाब मोजू का? मी पळून आलो. वहिनीला नमस्कार सांग.

काका

---

१९ एप्रिल

ती. काकास,

सा. न. तू सांगितलेलं सगळं केलं. काडी नवीन घातली. टेकू असे पुसले की त्यात तोंड दिसावं. झाकण ठेवलं तर शून्य, अगदी गुणी मुलीसारखं शून्य. वर पत्रा धरून त्याला बॅटरीचा ठरावीक ताण दिला, तर तोही बरोबर मोजला. ट्रक बघितले, ते तीनला सुटतात. रविवारी खाण बंद, धूळ नाही, तरी खळगा आहेच. म्हणजे गिरणी निर्दोष आहे. दोष बाहेर आहे.

वेळ नीट लिहून काढली. चार वाजून दहा मिनिटं. एक-दोन मिनिटं इकडे तिकडे. आकडा हळूच खाली येतो, थांबतो, आणि चार वीसच्या सुमारास परत वर. म्हणजे काका, अगदी कोणी येऊन शेजारी उभं राहिल्यासारखं. हात लांब केला तर पात्यांना लागेल एवढ्या अंतरावर मी स्वतः उभी राहून बघितलं, तर आकडा चौसष्टवर आला. रोजच्या खळग्याचा तळ बासष्ट. माझ्याच उंचीचं कोणीतरी.

कचेरीतून कट्टा दिसत नाही, मध्ये डोंगराचा खांदा येतो. म्हणून तीन वेळा मुद्दाम वर जाऊन, गिरणीपासून लांब बसले. सकाळी डबा भरताना आईला सांगितलंसुद्धा, आज मी वर जाते, भूत पकडते. तिन्ही दिवस काही नाही. कोणी आलं नाही आणि आकडाही हलला नाही. खाली असले की येतो. साहेबांकडे कॅमेरा मागितला तर म्हणाले, भुताचे फोटो काढायला सरकारी कॅमेरा मिळत नाही.

एक सांगू? कट्ट्याच्या पश्चिमेला दोन पावलांएवढ्या जागेत गवत उगवत नाही. चहूकडे गुडघाभर आहे, तिथं मात्र टक्कल. मला वाटतं वीज तिथंच पडली असणार, माती भाजून निघाली असणार. मी त्या जागी पाय ठेवत नाही.

आईला मंगळवार-बुधवार ताप होता, अंथरुणातून उठली नाही. मी दोन्ही दिवस लवकर घरी गेले आणि नोंदी दुसऱ्या दिवशी बघितल्या. खळगा दोन्ही दिवस होता. आता बरी आहे, मला ओरडण्याइतकी.

भीती वाटते का विचारशील. नाही वाटत. पण चार वाजायला आले की मी कामं आवरते आणि संगणकाच्या पडद्यासमोर येऊन बसते. कोणी यायचं असलं की बसतो तशी.

ठकू

---

२५ एप्रिल

चि. ठकू,

गिरणी तिथून काढ. कचेरीच्या छतावर लाव. वर वारा फार असतो, त्यामुळेही होतं.

घाईत आहे.

काका

---

३ मे

काका,

चार ओळी? माझ्या पहिलीच्या निकालावर तू चार पानं लिहिली होतीस. आणि वाऱ्यानं आकडा चार दहालाच पडतो, हे मला कुठल्या पुस्तकात मिळेल ते कळव. तुला काहीतरी माहीत आहे आणि तू ते गिळून बसला आहेस. निदान थापा तरी बऱ्या मार.

गिरणी मी काढणार नाही. ती बाबांची जागा आहे. पण इथं वेगळीच पंचाईत झाली. आकडा असा घसरला की संगणक पिवळा दिवा लावतो आणि खाणीत काम थांबतं. रोज सव्वाचारला सगळे हातातलं टाकून उभे. मुकादम येऊन भांडून गेला. म्हणाला, "ताई, तुमच्या यंत्राला चहाची वेळ झाली की आम्ही काय गाणी म्हणायची?" साहेबांनी मला दोन दिवसांत बंदोबस्त करायला सांगितलं.

मग मी केला. संगणकात एक नियम घातला. चार पाच ते चार पंचवीसमध्ये आकडा घसरला तर लक्ष द्यायचं नाही. कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं, तिथं "कोळी" लिहिलं. परंपरा आपली.

आता दिवा लागत नाही, मुकादम खूष, आणि खळगा रोज येतो. काका, मला हे कुणालाच सांगता येत नाही म्हणून तुला सांगते. मला वाटतं ते बाबाच आहेत. मी सात वर्षांची होते तेव्हा गेले. मला त्यांचा आवाज आठवत नाही, फक्त शर्टाचा वास आठवतो. आता रोज अकरा मिनिटं ते येतात. असू देत ना उभे. मी त्यांच्याबरोबर चहा घेते.

ठकू

---

९ मे

ठकू,

आधी तो नियम काढ. पुढचं वाचू नकोस. ऊठ, संगणकापाशी जा, नियम काढ आणि मग परत ये.

कोळी नव्हता. त्या दिवशी गिरणीवर एक धागासुद्धा नव्हता. सकाळी मीच पुसली होती.

दादाची एक सवय होती. रोज चार दहाला तो चहाचा कप घेऊन वर कट्ट्यापाशी जायचा. पश्चिमेचं आभाळ कचेरीतून दिसत नाही, म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचा. गिरणीवर एवढा विश्वास असलेला माणूस, पण रोज वर जायचा. तो शेजारी उभा राहिला की खाली माझ्यासमोर कागदावर शाईचा काटा घसरायचा. तेव्हा संगणक नव्हता, कागदाची गुंडाळी होती आणि भोंग्याचं बटण माझ्या हाताशी होतं. मी त्या खळग्यात पेन्सिलीनं "दादा" लिहायचो. सात वर्षांच्या कागदांवर रोज "दादा". आम्ही दोघं त्यावर हसायचो.

त्या दिवशी चार दहाला काटा घसरला. मी "दादा" लिहिलं आणि पाठ फिरवली. टेबलावर भिंतीवरचं घड्याळ खोलून ठेवलं होतं, त्याचा एक स्क्रू हरवला होता, तो शोधत बसलो. पण दादा अजून वर पोहोचलाच नव्हता. त्याला उशीर झाला होता, का ते मला कधीच कळलं नाही. तो खळगा दादाचा नव्हता, ढगाचा होता.

माणूस शेजारी आला तर आकडा कमी होतो. शून्यापर्यंतही नेईल. पण शून्याच्या पलीकडे, उलट्या बाजूला, माणूस नेऊ शकत नाही. ते ढगाचं काम. हे मला दादानंच शिकवलं होतं. मी मान वर केली तेव्हा काटा शून्य ओलांडून कागदाच्या खालच्या कडेवर आपटत होता. बटणाकडे धावलो. बोट ठेवलं आणि खिडकी पांढरी झाली. दादा तेव्हा कप हातात घेऊन कट्ट्यापाशी पोहोचत होता. भोंगा पाच मिनिटं आधी वाजला असता तर तो वाटेतूनच मागे फिरला असता.

अहवालात मी कोळी लिहिला. गिरणी तर तोंड उघडून बोलणार नव्हती. सगळे म्हणाले, यंत्राचा दोष, बिचारा भाऊ काय करणार. मला बिचारा म्हणाले, ठकू. मी ते ऐकून घेतलं. मग तिथं राहवेना. तेव्हापासून वजनकाटे आणि रक्तदाबाचे पंप दुरुस्त करतो. त्या कामात कोणी मरत नाही.

सोबत तो कागद आहे. बावीस वर्षं मी तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला. माझं अक्षर तुला ओळखू येईल.

तुझ्या कट्ट्यावर रोज कोण येतं ते मला ठाऊक नाही. मी विचार करायलाही भितो. एवढंच कळतं की तू आता माझ्याच खुर्चीत बसली आहेस, आणि खळगा दिसला की नजर फिरवते आहेस.

यानंतर तू पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. मला लिहिणारं दुसरं कोणी नाही, पण तरी चालेल.

काका

---

२४ मे

काका,

तुझं पत्र पंधरा तारखेला मिळालं. नियम मी त्या दिवशी काढला नाही. तुझं काहीही ऐकायचं नव्हतं मला. पत्र टेबलाच्या खणात टाकलं, कुलूप लावलं आणि दोन दिवस तुला मनात वाट्टेल ते बोलले. लहानपणापासून मी त्या कोळ्याचा राग केला आहे रे. रोज सकाळी ब्रश घेऊन कोळी मारत होते.

तिसऱ्या दिवशी तो कागद उलगडला. "दादा" हे अक्षर, त्याच्या खाली शाईची रेघ सरळ शून्यातून खाली, आणि पुढे शाईचा नुसता फराटा. मग उठले आणि नियम काढला. मुकादमाला जाऊन सांगितलं, रोज दिवा लागेल, मी स्वतः आभाळ बघून कळवेपर्यंत तारांना हात लावायचा नाही. तो भांडायच्या तयारीत होता, पण माझं तोंड बघून परत फिरला.

एकवीस तारखेला चार नऊला आकडा घसरला. एकशेपंधरा, नव्वद, पासष्ट. रोजच्यासारखाच. खिडकीबाहेर लख्ख ऊन. खरं सांगते, मी पहिल्यांदा मनात म्हटलं, आले. मग तुझं पत्र आठवलं आणि नजर काढली नाही. साठ. चाळीस. बारा. रोज बासष्टला थांबतो, तो थांबेना. शून्य झालं. उणे तीस झालं तेव्हा मी भोंग्याचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. साहेब आतून ओरडत आले, "ऊन आहे बाहेर!" मी म्हटलं, "असू दे."

खाणीतली माणसं पक्क्या खोलीकडे पळताना दिसली. दारात उभा राहून मुकादम मोजत होता. मीही धावले. तेवढ्यात डोंगराच्या खांद्याला वळसा घालून वरच्या वाटेनं एक बाई धावत येताना दिसली. एका हातात चपला, दुसऱ्या हातात कप. आई होती.

मी तिला ओढून आत घेतलं. दार लावलं आणि वर कट्ट्यावर वीज पडली. आवाज नाही सांगता येत. माती पडत राहिली छतावर.

बावीस वर्षं, काका. रोज चार दहाला ती मागच्या वाटेनं वर जाते आणि बाबांच्या जागेवर अकरा मिनिटं उभी राहते. मला सांगायची, जरा चालून येते. मी वर जाणार असं सकाळी सांगितलं की ती त्या दिवशी जायची नाही. गवत तिच्या पायांनी गेलं आहे, विजेनं नाही. गिरणी नव्हती म्हणून कुणाला कळलं नाही. आणि मी संगणकाला सांगून ठेवलं होतं की तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. तुझं पत्र आलं नसतं तर मी चहा पीत बसले असते.

तुला माफ केलं का ते विचारू नकोस, मला अजून माहीत नाही. कधी वाटतं तू बाबांना नेलंस, कधी वाटतं तू आईला आणलंस. तुझं पत्र आणि तो कागद आईला दाखवला. तिनं बराच वेळ "दादा"वरून बोट फिरवलं. मग कागद-पेन मागितलं. तिचं पत्र सोबत आहे, मी वाचलेलं नाही.

ठकू

---

२४ मे

भाऊजी यांस,

नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही लिहिलंत की त्यांना उशीर का झाला ते तुम्हाला कळलं नाही. तो माझ्यामुळे झाला. दुपारी जेवून निघाले तेव्हा शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. ते म्हणत होते राहू दे. मी म्हटलं, माणसांत असं गळा उघडा टाकून जाऊ नका, आणि अंगावरच्या शर्टालाच बटण लावायला घेतलं. दोऱ्याची दोनदा गाठ बसली. दहा मिनिटं गेली. नाहीतर ते वेळेवर वर गेले असते, आभाळ बघून खाली आले असते. हे मी ठकूलासुद्धा कधी सांगितलं नाही. तुम्ही कोळ्याचं नाव पुढे केलंत, मी तर कोणाचंच केलं नाही. त्यांची ती वेळ चुकवली ना मी, म्हणून रोज जाऊन भरत होते.

तुम्ही गाव सोडून गेलात तेव्हा मला फार राग आला होता. वाटलं, भाऊ गेला तर यांना वहिनी आणि पोर नकोशी झाली. आता कळलं.

आणखी एक गोष्ट आहे. एप्रिलमध्ये मला दोन दिवस ताप होता. मी अंथरुणातून उठले नव्हते. जेवताना ठकूनं सांगितलं, खळगा दोन्ही दिवस आला. ठकूला तिच्या घाईत हे अजून सुचलेलं नाही. मीही बोलणार नाही. तुम्हाला सांगते, कारण त्या कागदावर त्यांचं नाव सात वर्षं तुम्हीच लिहिलं आहे. तिथं मी एकटी नव्हते.

गिरणीची पाती वितळली आहेत. ठकू म्हणते मी करीन, पण तिला एकटीला जमणार नाही, आणि तिच्याशी रागावून का होईना बोलत काम करणारं माणूस तिला हवं आहे. तुम्ही या. मागची खोली झाडून ठेवली आहे. गिरणी फिरायला लागली की मी परत चार दहाला वर जाईन, आता चोरून नाही. खाली तुम्ही बसा. काटा घसरला की लिहा, वहिनी.

पण लिहिण्याआधी बाहेर येऊन एकदा आभाळ बघा.

तुमची,
वहिनी